दिशा आधी, मुड नंतर : चारशे वर्षांपूर्वीच्या कवायतीच्या पुस्तकांत असतं काय?

शाळेत पीटीचे सर "दाहिनेऽऽ" म्हणून क्षणभर थांबायचे आणि मग "मुड!" असा बार उडवायचे. मधल्या त्या क्षणात आमच्यातले निम्मे जण मनातल्या मनात जेवायला बसून उजवा हात शोधत असायचे. पण हा हुकूम असा उलटा का, "मुड दाहिने" का नाही, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

उत्तर सापडलं ते जवळजवळ एकोणीसशे वर्षं जुन्या एका ग्रीक पुस्तकात. एलियन नावाच्या लेखकाने रोमन सम्राटांच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, जुन्या मॅसिडोनियन सैन्याच्या रचनेवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटी हुकूम कसे द्यावेत हे सांगितलंय. हुकूम थोडक्यात हवा, त्यातून दोन अर्थ निघता कामा नयेत आणि नेमका भाग आधी यायला हवा. "वळा" आधी म्हटलंत, तर काही भाल्याकडे वळतील आणि काही ढालीकडे. म्हणून "भाल्याकडे" आधी, "वळा" नंतर. भाला उजव्या हातात, ढाल डाव्या. म्हणजे भाल्याकडे हेच त्यांचं दाहिने.

एलियनने स्वतः किती लढाया पाहिल्या होत्या कोण जाणे. ज्या सैन्याबद्दल तो लिहितो ते त्याच्या आधीच इतिहासजमा झालं होतं. तरीही हे पुस्तक सोळाव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमध्ये काही लोकांच्या हाती पडलं आणि त्यातून युरोपातल्या पायदळाची चाल बदलली. ती कशी बदलली आणि त्यातून निघालेली जाडजूड सचित्र पुस्तकं नेमकी कशासाठी होती, ते इथे सांगतो. या पुस्तकांकडे शौकाच्या वस्तू म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ती शौकाची पुस्तकं नव्हतीच. एका अत्यंत रटाळ अडचणीवरचं ते उत्तर होतं, आणि ती अडचण म्हणजे बंदूक भरायला लागणारा वेळ.

त्या काळची बंदूक तोडेदार. सुताची जाडसर दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची, म्हणजे ती विझत नाही, हळूहळू धुमसत राहते. हा तोडा किंवा जामगी. बंदुकीच्या नळीला मागच्या बाजूने एक बारीक छिद्र, त्याच्या बाहेर छोटी वाटी, वाटीत रंजक म्हणजे बारीक दारू. चाप ओढला की तोड्याचं पेटतं टोक वाटीत उतरतं, रंजक पेटते, आग छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. एकदा उडाला की नळी रिकामी. पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा गज आत घालून ठासणं, पुन्हा रंजक. सराईत माणसालाही यात एखादं मिनिट सहज जाई. तेवढ्या वेळात भरधाव घोडेस्वार कुठल्या कुठे पोचतो.

यावर तेव्हाचा रूढ उपाय म्हणजे बंदूकवाल्यांना भालेकऱ्यांच्या आसऱ्याला ठेवणं. भाले केवढे, तर सुमारे 18 फूट. स्पॅनिश सैन्यात अशा भालेकऱ्यांचे दाट चौकोन असत आणि त्यांच्या कडेला बंदूकवाले. अशा एका तुकडीची नावापुरती संख्या 3,000 पर्यंत जाई. हा चौकोन फोडणं महाकठीण, पण आतल्या बहुतेकांचा उपयोग फक्त वजनापुरता.

स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई लढणाऱ्या डच प्रांतांकडे माणसं कमी होती. त्यांचा सेनापती नासाऊचा मॉरिस हा लायडनच्या विद्यापीठात शिकलेला. तिथे युस्टस लिप्सियस नावाचे प्राध्यापक रोमन सैन्यावर अधिकाराने बोलत. त्यांचं रोमन लष्करावरचं पुस्तक 1595 मध्ये आलं. मॉरिसचा चुलतभाऊ विलेम लोडेवाइक तर एलियनच्या मागेच लागला होता. 8 डिसेंबर 1594 रोजी त्याने मॉरिसला एक पत्र लिहिलं आणि त्यात आकृती काढून दाखवली. एलियनकडे सैनिकांच्या रांगा एकमेकींतून मागे कशा नेता येतात याचं वर्णन होतं. विलेमच्या डोक्यात आलं, हेच बंदूकवाल्यांना लावलं तर?

कल्पना अशी. बंदूकवाले एकामागे एक रांगांत उभे करा. पहिली रांग बार काढते आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून चालत सगळ्यांच्या मागे जाऊन पुन्हा बार भरायला लागते. तोवर दुसरी रांग पुढे आलेली असते. ती झाडते, मागे जाते, तिसरी येते. समजा बार भरायला एक मिनिट लागतं आणि रांगा दहा आहेत. मग प्रत्येक रांगेच्या वाट्याला सहा सेकंद येतात आणि दर सहा सेकंदांनी समोरच्यावर एक फैर जाते. पहिली रांग फिरून पुढे येईपर्यंत तिच्या बंदुका तयार. बंदूक तीच, दारू तीच. बदललं ते फक्त कोण कधी कुठे उभं राहणार एवढंच.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पण दहापैकी एका रांगेतला एक जण अडखळला, गज नळीत विसरला, घाबरून जागेवरून हललाच नाही, तर मागच्या नऊ रांगा खोळंबल्या. वर प्रत्येकाच्या हातात पेटता तोडा आणि गळ्यात दारू. म्हणून प्रत्येकाने बार भरायचा तो एकाच पद्धतीने, एकाच क्रमाने. इथे पुस्तक येतं.

मॉरिसचा आणखी एक भाऊबंद, नासाऊचा योहान, याने बंदूक आणि भाला हाताळण्याच्या एकेका क्रियेचे तुकडे पाडले. त्यावरून याकोब द खेन या चित्रकाराने चित्रं काढली, ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली गेली आणि 1607 मध्ये हेगमध्ये पुस्तक छापून निघालं. नावाचा अर्थ साधा आहे : बंदुका, मस्केट आणि भाले हाताळण्याविषयी. एकूण चित्रं 117. त्यात 42 हलक्या बंदुकीची, 43 जड मस्केटची आणि 32 भाल्याची. लगोलग ते फ्रेंच, इंग्रजी, जर्मन आणि डॅनिशमध्येही आलं.

पान उघडलं की पहिली गोष्ट जाणवते ती रिकामेपणाची. लढाई नाही, शत्रू नाही, किल्ला नाही. एक सैनिक, पायाखाली थोडी जमीन, तिच्यावर त्याची सावली. पुढच्या पानावर बंदूक तीच, पण हात चार बोटं सरकलेला. गंमत म्हणजे कपडे सारखे नाहीत. कुणाच्या टोपीला हे भलं मोठं पीस, कुणाची विजार फुगीर, कुणाची दाढी टोकदार. सैन्याला एकसारखा गणवेश मिळायला अजून अवकाश होता. कपडे एकसारखे व्हायच्या आधी हालचाली एकसारख्या झाल्या.

मस्केटच्या 43 पायऱ्या वाचून माझा सुरुवातीला विश्वास बसला नाही. एवढ्या कशाला? उगाच पानं वाढवलीत, असंच वाटलं. मग एका रविवारी गच्चीवर करून पाहिलं. पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा ही बंदूक. नळी टेकवायला गुलमोहराचं दुबेळकं, कारण मस्केटचं वजन 6 - 7 किलोपर्यंत जाई आणि ती टेकूशिवाय धरवत नसे. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत दारूऐवजी रवा. गोळी म्हणून हरभरा. तोडा म्हणून दोन्ही टोकांना पेटलेली उदबत्ती, कारण खरा तोडाही दोन्ही टोकांना पेटलेला ठेवत. एक टोक विझलं तर दुसरं हाताशी. भाचा मोबाइलवर चित्रं लावून हुकूम सोडत होता आणि त्याला हे काम जरा जास्तच आवडलं होतं.

पहिल्या खेपेला मी सरळ बाटली उघडून रवा पाइपात ओतायला गेलो आणि उदबत्तीचा निखारा रव्यात पडला. दारू असती तर हा लेख लिहायला बोटं उरली नसती. दुसऱ्या खेपेला चित्रातला क्रम पाळला. बार काढल्यावर सगळ्यात आधी तोडा बंदुकीवरून काढायचा आणि डाव्या हाताच्या बोटांत अडकवायचा. मग वाटी फुंकून साफ करायची, न जाणो एखादी ठिणगी राहिली असेल. मग रंजक घालायची आणि वाटीचं झाकण बंद. झाकणावर सांडलेली दारू झटकायची, फुंकायची. त्यानंतरच बंदूक डाव्या अंगाला वळवून नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गज काढायचा. आता हा गज लांब असतो, तो हातात पुढे धरला की नळीच्या तोंडात नीट जात नाही. म्हणून त्याचं टोक छातीला टेकवून पकड खाली सरकवायची. त्यासाठी वेगळं चित्र आहे! मी हसलो होतो त्या चित्राला. गज तीनदा शेजारच्या माणसाला लागला असता (शेजारी भाचा होता) तेव्हा हसू आटोपलं. ठासून झाल्यावर गज परत जागेवर ठेवायचा आणि सगळ्यात शेवटी तोडा पुन्हा बंदुकीवर चढवायचा. तो वाटीत नीट उतरतो का ते बघायचं, वाटीवर बोटं ठेवून निखारा फुंकायचा, झाकण उघडायचं आणि मग नेम.

या सगळ्या वेळात दुबेळकं कुठे असतं? डाव्या मनगटाला फासाने लटकलेलं. म्हणजे डावा हात एकाच वेळी बंदूक, पेटता तोडा आणि टेकू सांभाळतो. माझा सर्वोत्तम वेळ एक मिनिट पन्नास सेकंद, तोही रव्यासह आणि समोरून कुणी धावून येत नसताना.

त्यानंतर 43 पायऱ्या जास्त वाटेनात. प्रत्येक पायरीमागे कुणाचा तरी हात, डोळा किंवा शेजारी जळालेला असणार, असं वाटू लागलं. क्रमाचं मर्म एकच : आग आणि उघडी दारू एका ठिकाणी येऊ द्यायची नाही. शिवाय तुकडे पाडल्यामुळे शिकवणं सोपं झालं. "बार भर" असं नवख्याला सांगितलं तर तो आपल्या पद्धतीने भरतो. "वाटी फुंक", "रंजक घाल", "झाकण लाव" असं सांगितलं की शंभर जण शंभर वेळा तेच करतात आणि मग एकाच वेळी करू लागतात.

आपल्याकडे याला कवायत म्हणतात. अरबी 'कवाइद'वरून आलेला हा शब्द कायद्याचं अनेकवचन आहे, म्हणजे नुसते नियम. आणि 'शिस्त' म्हणजे जुन्या मराठीत बंदुकीचा नेम. 'शिस्त धरून बार काढला' असं म्हणत. नेमाला आणि वळणाला एकच शब्द.

सगळेच लेखक हातात बंदूक घेतलेले नव्हते. मॅकियाव्हेलीने युद्धकलेवर संवादरूपाने लिहिलेलं पुस्तक 1521 मध्ये फ्लॉरेन्समध्ये छापलं गेलं. त्याच्या सैन्याच्या आकृत्या पाहण्यासारख्या आहेत. माणसांची चित्रं नाहीत, छापखान्यातली लॅटिन आणि ग्रीक अक्षरंच ओळीने लावलेली. एक अक्षर म्हणजे भालेकरी, दुसरं ढालवाला, तिसरं तोफ. पान म्हणजे एक शब्दकोडंच. या गृहस्थांनी एकदा मिलानजवळ सुमारे 3,000 पायदळ आपल्या पुस्तकाप्रमाणे उभं करायचा घाट घातला. दोन तासांहून जास्त वेळ लोक उन्हात उभे, रचना काही जमेना. शेवटी जोव्हानी देले बांदे नेरे या कसलेल्या सरदाराने त्यांना बाजूला केलं आणि ढोल वाजवणाऱ्यांच्या मदतीने बघता बघता सैन्य लावून दाखवलं. तिथे हजर असलेल्या बांदेल्लो या कथाकाराने हे लिहून ठेवलंय. अक्षरं हलवणं आणि माणसं हलवणं यातला फरक डच मंडळींच्या लक्षात आला होता. म्हणून त्यांनी मोठ्या रचनेआधी एका माणसाचे दोन हात चितारले.

द खेनच्या पाठोपाठ अशा पुस्तकांची रीघ लागली. वालहाउझेन या जर्मन कप्तानाचं पायदळावरचं पुस्तक 1615 मध्ये आलं. पुढे नासाऊच्या योहानने झीगनला काढलेली लष्करी शाळा त्याने काही काळ चालवली. जॉन बिंगमने 1616 मध्ये एलियन इंग्रजीत आणला. 1635 मध्ये विल्यम बॅरिफचं पुस्तक निघालं, ते लंडनच्या हौशी शहरी पलटणींमध्ये चांगलंच चाललं. या इंग्रजी कवायतीत एक प्रांजळ कबुली सापडते : सराव सगळ्या पायऱ्यांचा करा, पण ऐन लढाईत हुकूम तीनच. तयार व्हा, नेम धरा, झाडा. अर्थात धुराच्या लोटात 43 हुकूम ओरडणार कोण आणि ऐकणार कोण? पायऱ्या तोपर्यंत हातात मुरलेल्या असायला हव्यात, हाच त्याचा अर्थ.

अशी जुनी प्रत कधी हाताळायला मिळाली तर आधी चित्रं मोजावीत. ही पुस्तकं फाडून सुटी चित्रं चौकटीत घालून विकण्याचा धंदा जुना आहे, त्यामुळे 117 च्या 117 असलेली प्रत वेगळीच. मग चित्राच्या कडेने बोट फिरवावं. तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर जोराने दाबला जातो, त्यामुळे चित्राभोवती एक बारीक खळगी उमटते. नंतरच्या फोटोछपाईत ती नसते. कागद चिंध्यांचा असतो. उजेडासमोर धरला की त्यात समांतर रेघा आणि मधूनच कागदवाल्याची खूण दिसते. चारशे वर्षांनंतरही तो आपल्या सत्तरच्या दशकातल्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकांपेक्षा चांगला असतो, याचं मला दर वेळी वैषम्य वाटतं. काही प्रती त्या काळीच हाताने रंगवलेल्या, क्वचित सोनेरी वर्ख लावलेल्याही आहेत. त्या छावणीत गेल्या नसणार, दिवाणखान्यात राहिल्या असणार.

हा शोध फक्त युरोपचा, असं मात्र समजू नये. चीनमध्ये मिंग सेनापती ची जिग्वांगने 1560 च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात बंदूकवाल्यांनी आळीपाळीने बार काढण्याची पद्धत दिलेली आहे. अडचण सगळीकडे तीच होती, तेव्हा उत्तरंही जवळपासची निघाली.

आपल्याकडे ही कवायत पोचली ती बऱ्याच वळणांनी आणि दीडएकशे वर्षांनी. तोवर तोडा जाऊन चकमकीची बंदूक आली होती, टोकाला संगीन लागली होती, त्यामुळे भालेकरी बाद झाले होते आणि दहा रांगांच्या तीनदोन रांगा झाल्या होत्या. दख्खनमध्ये फ्रेंचांनी तयार केलेल्या पायदळातून इब्राहिमखान गारदी पुढे आला. 'गारदी' हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आल्याचं मानतात. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटलं होतं. त्यानंतर महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये सॅव्हॉयच्या द बॉइनला चाकरीत घेतलं आणि कवायती कंपू उभे केले. आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो, तेव्हा त्या नावाने राजपुतान्यात धडकी भरत होती. 1790 मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया या पायदळाने जिंकल्या.

कवायतीची खरी परीक्षा जालना जिल्ह्यातल्या असईला झाली, 23 सप्टेंबर 1803 रोजी. शिंद्यांचं पायदळ पोलमन या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखाली कैलना नदीच्या काठाने उभं होतं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने समोरून न येता बाजूला नदी ओलांडली आणि कैलना व जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला. पायदळाची बगल उघडी सापडेल असा त्याचा हिशेब होता. सापडली नाही. कंपूंनी जागच्या जागी तोंड फिरवून त्याच्या समोर नवी रांग धरली, तोफांसकट. हजारो माणसांची रांग शत्रूच्या डोळ्यांदेखत काटकोनात वळवणं म्हणजे शाळेच्या मैदानावरचं "दाहिने मुड" नव्हे. एक पलटण चुकली तर सगळ्यांचा चुथडा. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले.

द खेनची चित्रं आज घरबसल्या बघता येतात. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने ती इंटरनेटवर ठेवली आहेत. बघायची झाली तर मस्केटवाल्याच्या पानांपासून सुरुवात करा. पिसं, दाढ्या, फुगीर विजारी यांच्याकडे नंतर बघा. आधी डाव्या हाताची बोटं बघा. तोडा कोणत्या दोन बोटांत आहे आणि दारू ओतताना तो हात नळीच्या तोंडापासून किती लांब आहे.